पेठेत इंग्लंडच्या राजावर खटला

गणपतीत जिवंत देखावा करायचा आणि तो शेजारच्या मंडळापेक्षा वेगळा असायला हवा, एवढे एकच धोरण आमच्या मंडळाला होते. जिवंत देखावा म्हणजे मांडवातल्या रंगमंचावर खरी माणसे उभी राहतात. संवाद आधीच कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि पात्रांनी त्या आवाजावर ओठ आणि हात हलवायचे असतात. एक खेळ संपला की बघणारे पुढे सरकतात आणि रांगेतले आत येतात. दोन हजार सालानंतरचे ते एक वर्ष. शेजारच्या मंडळाने गडाची लढाई जाहीर केली होती, त्याच्या पलीकडच्या मंडळाने समुद्रमंथन. आमच्या बैठकीत विषय सुचत नव्हता. चहाचा दुसरा कप संपता संपता सर म्हणाले, "इंग्लंडच्या राजावरचा खटला करूया."

सर एका कॉलेजात इतिहास शिकवत. पेठेच्या मागच्या अंगाला त्यांच्या बौद्ध कुटुंबाचे घर होते आणि मंडळात ते विद्यार्थी असल्यापासून होते. त्यांचा विषय युरोप. तिथे छापखाना आल्यावर लोक धर्मग्रंथ स्वतः वाचू लागले, राजे आपल्याला देवानेच नेमले आहे असे सांगू लागले, आणि संसदा त्यांना तसा कागद दाखवा म्हणू लागल्या, असा तो सगळा काळ. सतराव्या शतकात इंग्लंडच्या संसदेने आपल्याच राजाला आरोपी म्हणून समोर उभे केले. आपल्याच प्रजेवर युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवला. शिक्षा मृत्यूची झाली आणि ती भर दिवसा, लोकांसमोर अमलात आली. वर्गात हे प्रकरण परीक्षेतले एक उत्तर होते. सरांना ते एकदा आपल्या माणसांसमोर, शेवटपर्यंत, जसे झाले तसे दाखवायचे होते.

मंडळाचे अध्यक्ष आमच्या तालमीचे वस्ताद होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"राजाचं डोकं उडवायचं? कोल्हापुरात?"

"होय."

"गणपतीसमोर?"

"मूर्तीपुढं पडदा ओढूया."

"सर, बरं वाटतंय न्हवं तुम्हाला?" वस्तादांनी आवाज चढवला. "आमच्या राजानं तळं बांधलं, तालमी उभ्या केल्या, पोरास्नी वसतिगृहं दिली. आणि ह्याच गावात आपण राजा मारायचा?"

"मी त्याच वसतिगृहात राहून शिकलोय, वस्ताद. माझ्या आज्याला शाळेत दाराबाहेर बसवायचे. म्हणूनच सांगतोय. आपल्याला राजा चांगला मिळाला. त्यांना मिळाला न्हाय. त्यांनी काय करायचं?"

"पुढच्याची वाट बघायची."

"किती पिढ्या?"

यावर वस्तादांनी पुन्हा चहा मागवला. बराच काथ्याकूट झाल्यावर ठराव झाला तो असा: खटला करायचा, पण शेवट देखाव्याची तालीम बघून ठरवायचा. वस्तादांना शेवटी माफी हवी होती. सर म्हणाले, माफी मिळालीच नव्हती, आणि माफीच दाखवायची असेल तर आपले नाव त्यातून वगळावे.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. सरांनी लिहिलेली संहिता कापून निम्मी करणे आणि निवेदनाला आवाज देणे ही कामे माझ्याकडे आली. सर प्रत्येक कापलेल्या ओळीसाठी भांडले. न्यायालयाचे सभासद कोण कोण होते ही यादी गेली, करांवरचा वाद चार वाक्यांत बसला. शिक्षेच्या ओळीला मी हात लावला नाही.

राजाच्या भूमिकेसाठी दुसऱ्या कुणाचा विचारही झाला नाही. तालमीतला मोठा पैलवान अंगाने भरलेला, चालण्यात रुबाब, आणि पेठेत त्याच्याकडे बघायला लोक थांबत. मखमलीच्या कोटावर आणि पिसाच्या टोपीवर तो खूश होता. न्यायालयाचा प्रसंग त्याने झकास केला. शेवटचा प्रसंग सांगितल्यावर मात्र उठून उभा राहिला.

"मान खाली ठेवायची न्हाय जमणार."

"नाटक आहे, पैलवान."

"तुम्हाला नाटक. उद्या मैदानात उतरलो की पब्लिक वरडंल, मान ठेव रं राजा! माती लावायला वाकतो तेवढंच आमचं वाकणं."

वस्तादांना बरे वाटल्याचे दिसत होते. सरांनी पैलवानाला खाली बसवले, स्वतः शेजारी जमिनीवर बसले आणि त्याला पुढचे सांगू लागले. हा राजा न्यायालयात टोपी न काढता बसला. तुम्ही मला कोणत्या अधिकाराने विचारता, एवढेच विचारत राहिला आणि आरोपाला उत्तर द्यायला त्याने नकार दिला. शेवटच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. आपण कुडकुडलो तर लोकांना वाटेल घाबरला, म्हणून त्याने दोन सदरे घातले. आणि त्याने हात पसरल्याशिवाय कुऱ्हाड उचलायची नाही, असे मारणाऱ्याला बजावले होते.

"म्हंजे इशारा राजानंच दिला?"

"त्यानंच."

पैलवानाने थोडा विचार केला. "मग जमतंय. मलाबी दोन सदरे द्या."

"इथं घामाच्या धारा लागल्यात."

"असूं दे. खोटं कशाला?"

राहिला प्रश्न कुऱ्हाडीचा. कागलच्या एमआयडीसीत कामाला असणाऱ्या एका कार्यकर्त्याने ती खऱ्या पत्र्याची बनवून आणली. तिची धार बघून ती परत गेली आणि थर्माकोलची आली. ती उचलायला मात्र कुणी तयार होईना. मटणाच्या दुकानदाराला विचारले, तर तो म्हणाला, "गिऱ्हाईक आयुष्यभर चेष्टा करंल." शेवटी वस्ताद सरांकडे वळले.

"शिक्षा तुम्हाला पायजे. मग कुऱ्हाड बी तुम्हीच घ्या."

सरांचा चेहरा उतरला. सर नको म्हणतील आणि शिक्षा आपोआप गळेल, हा वस्तादांचा डाव सगळ्यांच्या लक्षात आला होता.

"घेतो," सर म्हणाले. "त्यानं मुखवटा घातला होता. तो कोण होता हे अजून नक्की कळलेलं नाही."

"शाना हुता," वस्ताद म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. वस्ताद स्वतः टेपरेकॉर्डरजवळ खुर्ची टाकून बसले. त्यांनी बोलून दाखवले नव्हते, पण ऐनवेळी बटण दाबून थेट आरती लावायची मुभा त्यांनी स्वतःकडे ठेवली होती, हे सरांनाही माहीत होते. बटण दाबले गेले असते तर सरांचा राजा आमच्या पेठेत कायमचा सुटला असता.

खेळ सुरू झाला. आरोप वाचले गेले, तेव्हा मांडव शांत. राजाने टोपी न काढता प्रतिप्रश्न केला, तेव्हा शिट्ट्या आणि टाळ्या. मुखवटा चढवून विंगेत उभे असलेले सर हे ऐकत होते. संसदेच्या प्रत्येक मुद्द्याला शांतता आणि राजाच्या प्रत्येक वाक्याला टाळ्या, असाच खटला चालला. माझ्या आवाजात शिक्षा जाहीर झाली आणि मागून ओरडा आला, "ए, सोडा की त्येला!" पाठोपाठ दुसरा, "एक डाव माफ करा की राव!"

वस्तादांचा हात टेपरेकॉर्डरवर गेला.

पैलवान पुढे आला. त्याने स्वतःच टोपी काढली, गुडघे टेकले आणि मान ओंडक्यावर ठेवली. त्याच्या पेठेने त्याला असे कधी बघितले नव्हते. ओरडा थांबला. कॅसेटवर या जागी नुसता ढोल होता. पैलवानाने दोन्ही हात सावकाश पसरले. वस्ताद आपल्या पठ्ठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. सरांनी कुऱ्हाड उचलली. दिवे गेले.

दिवे आले तेव्हा रंगमंच रिकामा होता. टाळ्या पडल्या नाहीत आणि कुणी जागचे हललेही नाही. गर्दी पुढे सरकवायला कार्यकर्ते शिट्ट्या मारू लागले. पहिल्या रांगेत जोतिबाचा गुलाल लावलेल्या एक मावशी होत्या. त्यांनी विचारले, "मग त्येच्या मागनं राजा कोन झाला?"

"मावशी, पुढं सरका."

"सरकतो की. आदी सांग."

कॅसेटवर याचे उत्तर नव्हते. सर मुखवटा हातात घेऊन बाहेर आले.

"कोणीच नाही, मावशी. बरीच वर्षं राजाच नव्हता."

"कोनच न्हाय? मग राज्य चाललं कसं?"

"धडपडत चाललं. सेनापती डोईजड झाला. मग लोकांनी त्याच राजाच्या मुलाला परत बोलावलं."

"घ्या!" मावशी मागे वळून गर्दीला म्हणाल्या. "मग ह्येला उगंच मारला की!"

मांडव हसला. टाळ्यांत वस्तादांच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. सर हशा ओसरेपर्यंत थांबले.

"परत आला, पण पहिल्यासारखं वागायची त्याची छाती नव्हती. त्याच्या मागनं त्याचा भाऊ आला. तो मात्र ऐकेना. तेव्हा लोक परत उठले. त्या वेळी कुऱ्हाड काढावी लागली नाही. राजा आपणच पळाला."

"का पळाला?"

उत्तर सरांच्या मागून आले. घामाने निथळत पैलवान पाणी प्यायला विंगेतून बाहेर आला होता. "बापाचं काय झालं ते ठावं हुतं की त्येला."

मावशींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितले, मान डोलावली आणि पुढे सरकल्या. त्यांच्यामागे रांग हलली. दोघे-तिघे कॉलेजचे विद्यार्थी मात्र सरांपाशी थांबले आणि एक रिक्षावाला विचारू लागला, की आता तिथे राणी आहे ती मग कशाला ठेवली आहे.

वस्ताद कॅसेट मागे फिरवत होते. त्यांनी सरांना हाक मारली.

"शिक्षा ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पण खेळ झाला की पाच मिनिटं लोकास्नी विचारू द्या. लायनीचं मी बघतो."

सरांनी मुखवटा चढवला. पुढची गर्दी आत येत होती.