साखर नॉर्मल, तरीही

वडील साखरेनं गेले. आधी पायाचं बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. तेव्हापासून लासुर्ण्याच्या आमच्या घरात त्या आजाराचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी बारामतीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करत होते. थोरला भाऊ गावी शेती बघायचा. तरुणपणी तो तालमीत होता. खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. खुराक मात्र सुटला नाही. हातपाय होते तसेच राहिले, पोट तेवढं पुढं आलं. "पैलवान अंगानं भरलाय," असं गावातले लोक कौतुकानं म्हणत. त्याच्या मानेवर काळपट, मखमलीसारखी जाड कातडी आली होती. आईला ती मळ वाटायची. मला ती बघून धास्ती वाटायची, कारण तशा मानेचे साखरेचे पेशंट दवाखान्यात रोज दिसत.

खूप मागं लागल्यावर दादा एकदाचा आला. त्याचं रक्त मीच काढलं. तो पूर्ण वेळ भिंतीकडं बघत होता. उपाशीपोटी आणि जेवणानंतर, दोन्ही वेळची साखर नॉर्मल निघाली.

"बघ! उगं जिवाला घोर लावलास," म्हणत तो उठला, तेवढ्यात आमच्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी त्याची मान पाहिली.

"बसा जरा. साखर चांगली आहे, पण ती चांगली ठेवायला शरीराला किती इन्सुलिन ओतावं लागतंय, ते बघू."

ती तपासणी पुण्यालाच व्हायची. बर्फात ठेवलेली त्याच्या रक्ताची बाटली गेली आणि मला जेवण गोड लागेना.

रिपोर्ट आला, तेव्हा दादाला पुन्हा बोलावून घेतलं. इन्सुलिन खूपच जास्त होतं. डॉक्टरबाई दादाला म्हणाल्या, "चरबी म्हणजे नुसता साठा, असं आम्हीसुद्धा शिकलो होतो. आता कळायला लागलंय की तीही रक्तात हार्मोन सोडते. त्यातला एक मेंदूला सांगतो, पुरे झालं, भूक भागली. चरबी फार वाढली की मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. आणखी काही द्रव्यं इन्सुलिनच्या आड येतात. मग शरीर जास्त इन्सुलिन बनवतं. आज जमतंय, पण कायम जमेलच असं नाही."

"म्हंजी मला साखर न्हाय. मग तुमी माझ्या मागं का लागलाय?" दादा ताडकन उठून गेला.

मी त्याच्याबरोबरच एसटीनं घरी आले.

घरी आईनं नेहमीसारखा दुधाचा मोठा पेला पुढं ठेवला, वर तूप. मी म्हणाले, "आई, हे आता बंद."

ती उसळली. "नवऱ्याच्या ताटातलं काढून घेतलं सगळ्यांनी. आता पोराच्याबी घेता व्हय?"

"त्यांचं काढायला उशीर झाला होता, आई."

दादानं पेला आईकडं सरकवला. "तू पी," म्हणाला, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मी मागोमाग गेले. तो म्हणाला, "पट्टी बदलताना त्यांचा पाय मी धरायचो. तू शाळंत असायचीस. त्यो वास अजून नाकातनं जात न्हाय. म्हनून येत नव्हतो तुझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कालव्याच्या कडेनं चालायला निघाला. मग रोजच. आई कित्येक महिने माझ्याशी तुटक बोलत होती, पण भाकरीवरचं तूप तिनं आपण होऊन कमी केलं. दादाचं पोट हळूहळू उतरलं, मानेचा काळेपणा विरळ झाला. वर्षभरानं पुन्हा रक्त पाठवलं.

"इन्सुलिन उतरलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण अजून जास्तच आहे. सोडू नका."

माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. आता हा चिडणार. दादानं रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली.

"पुन्ना कवा येऊ?" त्यानं विचारलं.