साच्यातला घरचा नियम

दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये डोकावायची मला वाईट खोड आहे. निपाणी-बेळगाव बसमध्ये शेजारची बाई यंत्रमागाची माहितीपुस्तिका लिहीत होती. प्रत्येक वाक्यानंतर अंगठ्यानं स्वतःची बोटं चाचपायची. न राहवून मी विचारलंच, हे असलं कसं लिहितात.

"कुठं काय लिहायचं ते ठरवणारा असल्या पुस्तिकांचा तयार साचा संगणकात असतोय, अण्णा. जगभर चालतोय. सगळाच साचा आपला करावा असं आधी लई वाटायचं, पण तो कंपनीबाहेर कुणाला कळला असता? म्हणून तयारच घेतला. नियम तेवढा एक घरचा घातला."

"कसला?"

"तयार साच्यात धोक्याची सूचना न्हाय लिहिली तरी चालतंय. आमच्या आप्पांचं बोट वडगावात मागात गेलं. सावध करायचं काम लिहिणाऱ्याच्या मर्जीवर कसं सोडू?"

तिनं मुद्दाम सूचना गाळून 'झाकण काढून हात आत घाला' असं लिहून दाखवलं. लगेच लाल रेघ उमटली. लॅपटॉप पुढची पायरी काही केल्या लिहू देईना.

मी थक्क झालो. उद्या कुठल्या तरी परक्या गावात, आप्पांचं नावही न ऐकलेला माणूस या साच्यात लिहायला बसेल, तेव्हा त्यालाही ते नसलेलं बोट अडवणार होतं.