उषाताईंचा न सुटलेला प्रश्न

डॉ. उषाताई देवधर यांची पहिली भेट झाली ती भोसरीतील त्यांच्या दवाखान्यात. लॅबमधल्या जागेसाठी मी गेलो होतो. मुलाखत त्यांनी उभ्यानेच घेतली. "आजपासूनच लागा कामाला," म्हणाल्या आणि मी 'हो' म्हणायच्या आत पुढच्या रोग्याकडे वळल्या. बाई स्वस्थ बसल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

गौतम कांबळे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, मधुमेहाचे जुने रोगी. एके दिवशी त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई रडवेल्या होऊन आल्या. साहेबांचं बोलणं कांबळे मुद्दाम कानाआड करतात, असा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढायचं घाटत होतं.

"बाई, घरीबी तसंच. हाक मारली तरी बघत न्हाईत. मला वाटायचं, रागावलेत."

उषाताईंनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ऐकू येणं तपासायचा धातूचा चिमटा, वाजवून कांबळ्यांच्या कानाशी धरला. बाईंना आवाज स्पष्ट येत होता, तेव्हाच कांबळे म्हणाले, "थांबला."

यंत्रांच्या खडखडाटाने कान गेलेले कामगार आम्ही रोज पाहत होतो. पण ड्रॉइंग ऑफिसात कसला आलाय खडखडाट? बाईंची चलबिचल सुरू झाली. मला म्हणाल्या, "मधुमेह जुना आहे, लघवी तपासा." नळी तापवताच लघवी गढुळली. प्रथिनं जात होती. मूत्रपिंडाला इजा झाली होती.

मग बाईंनी दवाखान्यात येणाऱ्या सगळ्याच मधुमेह्यांचे कान तपासायला घेतले. ज्यांच्या लघवीत प्रथिनं, त्यांतल्या बऱ्याच जणांना कमी ऐकू येत होतं. डॉक्टरांच्या बैठकीत त्यांनी हे मांडलं, तेव्हा एक ज्येष्ठ हसले, "कान कुठे, मूत्रपिंड कुठे!"

"बारीक रक्तवाहिन्या दोन्हीकडे आहेत. साखर त्यांचाच घात करते," बाई म्हणाल्या. "मला सिद्ध करता येत नाही, पण हसण्यावारी नेताही येत नाही."

कांबळ्यांसाठी त्या स्वतः कारखान्यात गेल्या. "हा माणूस उर्मट नाही, आजारी आहे," असं बजावून, कामाच्या सूचना त्यांना लिहून देण्याचं मॅनेजरांकडून कबूल करून घेतलं. नोकरी टिकली. ऐकू येणं सुधारलं नाही. मात्र पथ्य, इन्सुलिन आणि रक्तदाबावर बाईंची कडक नजर, यांमुळे मूत्रपिंडं अजून तग धरून आहेत. "आता समोर जाऊन बोलते मी," सुलोचनाबाई सांगतात. "हसून उत्तर देतात."

परवा आम्ही त्यांच्या साठीच्या सत्काराचा विषय काढला, तर उषाताईंनी विचारलं, "हारतुरे राहू द्या. हॉलमागे कान तपासायला एखादी शांत खोली मिळेल का?"

खोली ठरवली आहे. उषाताईंना निरामय दीर्घायुष्य लाभो, आणि त्यांच्या प्रश्नाचा छडा लावणारं कुणीतरी त्यांना याचि देही भेटो.