धुण्याच्या दगडाची पुढची बाजू

पिवळ्या साबणाच्या वडीचा वास आला की मला केंदूरच्या आमच्या विहिरीवरचा धुण्याचा दगड आठवतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याच्यावर धुणं आपटत होते, माझ्या आधी सासूबाई. एका उन्हाळ्यात विहिरीचं काम निघालं, दगड उलथला आणि चिखल धुतल्यावर खालच्या अंगाला एकात एक कोरलेली तीन वर्तुळं दिसली, एकीकडून फट असलेली. पुण्याहून एक अभ्यासक सर आले. म्हणाले, हा हजारो वर्षांपूर्वी उभा केलेला दगड असावा. वर्तुळं म्हणजे सूर्य, फट आभाळाकडे. तसा उभा करायला घेतला, तर दोनदा कलंडला. मग सर म्हणाले, टेम्पोत घालून पुण्यालाच नेऊ. आम्हा बायकांचे चेहरे पडले. तेवढ्यात मेंढरांना पाणी पाजायला आलेले धनगर आबा पुढं झाले आणि त्यांनी वर्तुळांवर बोट ठेवलं. "उलटा धरलाय तुम्ही. ह्यो मेंढवाडा हाय. वाड्याचं दार वर आसतं व्हय? फट खाली घ्या." सर हसले, पण आम्ही दोर धरला. दगड फिरवला, रुंद टोक खड्ड्यात सोडलं, दोर ढिला केला आणि दगड जागचा हलला नाही. सरांनी वही काढून 'सूर्य'च्या खाली 'मेंढवाडा' लिहिलं. आता घरात मशीन आहे, तरी येता-जाता मी दगडाच्या पाठीवर हात ठेवते. पुढच्या वर्तुळांचा अर्थ अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. पाठ मात्र इतकी गुळगुळीत कुणी केली, ते आम्हाला कुणाला विचारावं लागत नाही.