गटरआबांची बरणी

गटरआबा कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत डोकावत, मग माणसांकडे वळत. "परवा भजी झाली वाटतं," असं ते चहा यायच्या आत सांगत आणि ते खरं निघे. गटारीच्या पाइपात चाकांचा कॅमेरा सोडायचा आणि कुठे तुंबलंय ते पडद्यावर बघायचं, हे त्यांचं काम. मूळचे धुळ्याकडचे, पण सुरतेतल्या अख्ख्या भेस्तानचं पोट त्यांना पाठ होतं. अंगाला मात्र कायम चंदनाच्या साबणाचा वास.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीच्या पाइपात त्यांना एक लालसर गोळा दिसला. मुठीएवढा, पाइपाला चिकटलेला, उजेड पडला की आक्रसणारा. कुणीतरी पडद्याचा व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो गोळा माणसं गिळायला लागला. शेजारचे काका संडासात काठी घेऊन जाऊ लागले. मीही बसण्याआधी दोनदा वाकून बघत होतो, खोटं कशाला बोलू.

आईचं प्रकरण मात्र हसण्यासारखं नव्हतं. वडील गेल्यावर मोठ्या मिनतवारीने तिला गावाहून आणलं होतं. सहा महिने झाले तरी तिचं मन इथे रमेना. आता तिला निमित्तच मिळालं. "मी गावले जास," म्हणत तिने पिशवी भरली. तिथे ती एकटी, त्यात गुडघे धड नाहीत. जाण्याआधी सुनेची काळजी मिटावी म्हणून तिने पातेलंभर पाणी उकळत ठेवलं. ते मोरीत ओतून त्या गोळ्याचा निकाल लावायचा होता.

नेमके तेव्हाच आबा आले. हातात लोणच्याची काचेची बरणी, आत पाण्यात तोच गोळा. आईने पदर तोंडाला लावला. आबांनी काडीने ढवळलं, तसा गोळा सुटला आणि दोऱ्यासारखे बारीक किडे पाण्यात पसरले.

"हाई काय भूत शे का?" आबा म्हणाले. "गाळ खातात बिचारे. ना चावत, ना डसत. दुकानात माशांचं खाद्य म्हणून विकतात यांना."

आम्ही बघत राहिलो. थोड्या वेळाने किडे सरकत सरकत पुन्हा एकमेकांना बिलगले.

"असं का करतात?" आईने विचारलं.

"एकटा राहिला तर लोंढ्यात वाहून जाईल ना, आक्का. आपण नाही का सुरतेत येऊन एका गल्लीत दाटीवाटीने राहिलो?"

गावी आई कढत पाणी कधी मोरीत ओतत नसे, जीवजंतू मरतात म्हणायची. तिला ते आठवलं असावं. तिने गॅस बंद केला, पातेलं बादलीत रिकामं केलं, गार पाणी मिसळलं आणि आबांना पाय धुवायला दिलं. पिशवी दोन दिवस भरलेलीच होती. तिसऱ्या दिवशी तिने त्यातली लुगडी काढून कपाटात ठेवली. मला आबांचे पाय धरावेसे वाटले.

गेल्या वर्षी आबा काम सोडून गावी गेले. निघताना आईला एवढंच म्हणाले, "आक्का, लक्ष असू द्या." त्यांच्याशिवाय गल्ली सुनी वाटते, भजी केली तरी ओळखणारं कुणी नाही.

काल आई भाताचं कढत पाणी काढून मोरीपाशी थांबली आणि त्यात तांब्याभर गार पाणी घातलं. समोरच्या नव्या शेजारणीने विचारलं, हे कशाला?

"खाले बिऱ्हाडं शेतस," आई म्हणाली.