मनमिळाऊ नसलेली शैलजा

“मावशी, आई गेली,” एवढंच निखिल फोनवर बोलला. दुपारी गंगापूर रोडच्या चौकात लावायच्या फ्लेक्सचा नमुना त्यानं मोबाइलवर पाठवला. शैलजाचा फोटो आणि खाली ‘मनमिळाऊ, सोज्वळ, प्रेमळ’. रडता रडता मला हसूच फुटलं. उभ्या आयुष्यात ती मनमिळाऊपणे वागल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात. ती इंग्रजी शिकवायची, मी मराठी. संध्याकाळी तिच्या स्कूटरवर मागे बसून घरी यायचं, हा माझा नेम. वाटेत श्रद्धांजलीचा फलक दिसला की बाई स्कूटर थांबवून मोठ्यानं वाचणार. “गेलेले सगळेच मनमिळाऊ! मग या गावात भांडणं कोण करतं गं?” फलकांवर एवढा राग, पण उतरवलेला फ्लेक्स मात्र ती आवर्जून मागून आणायची. पावसात स्कूटरवर घालायला त्याच्याइतकं पक्कं काही नाही, म्हणायची. कुणा ना कुणा भाऊंचा वाढदिवस कायम तिच्या स्कूटरवर पसरलेला असे.

तिचं लाडकं इंग्रजी विशेषण ‘डाउटी’ (doughty). ‘डाउट’शी, म्हणजे संशयाशी, त्याचं काही नातं नाही. फार जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ साधा होता... कामाचा, लायक माणूस. पुढे ते तलवार गाजवणाऱ्या वीरांना लागलं. मग जुनाट झालं, आणि आता इंग्रजी वर्तमानपत्रवाले गालातल्या गालात हसत ते एखाद्या हट्टी म्हातारीला बहाल करतात. “वीरांकडून म्हातारीकडे आलं. मी तर याला बढतीच म्हणते,” ती सांगायची. मी म्हणायचे, “आमच्याकडे खमकी आहे की!” तिला पटत नसे. “तुमची खमकी नुसती भांडते. माझ्या डाउटीला काम तडीस न्यावं लागतं.”

आणि तिनं ते नेलंही. शेवटचा तास संपायच्या आत त्र्यंबकची बस निघून जायची. तिकडच्या मुली एकेक करून कॉलेज सोडू लागल्या. शैलजा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसच्या कचेरीत जाऊन बसली. “साहेब, तुमचं चालू द्या. मला पेपर तपासायचेत.” साहेब घरी जाईपर्यंत बसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी साहेबच काकुळतीला आले. “मॅडम, बस उशिरा सोडतो, पण आता इथं येऊ नका!” त्या मुलींपैकी कितीतरी जणी तिला शेवटचं बघायला आल्या होत्या.

म्हणून मी निखिलला म्हटलं, “हे तीन शब्द काढ. एकच लिही, खमकी.” त्याच्या काकांना ते रुचलं नाही. “अहो, गेलेल्या बाईला असं म्हणतात का?”

“ती असताना म्हणत होतेच की. आता खोटं कशाला?”

निखिल काकांकडे वळला. “काका, आईनं चौकात स्कूटर थांबवून हे वाचलं असतं तर काय म्हणाली असती?” फ्लेक्स लागला, खमकी म्हणूनच लागला.

तेराव्यानंतर तो उतरवला. “मावशी, आईचा फोटो आहे, टाकवत नाही,” निखिल म्हणाला. मी तो मागून घेतला, फोटो आत दुमडला आणि आमच्या इमारतीच्या पार्किंगमधल्या तिच्या स्कूटरवर घातला. शब्द तेवढा वर ठेवला. येता-जाता वाचते. भांडायला ती नाही, याची सवय अजून होत नाही...

परवा रात्रभर धो धो पाऊस झाला. सकाळी जाऊन कोपरा उचलला, सीटवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत. बघ गं शैलजा, आमची खमकीही काम करते.