शेवंतीच्या दोन टोपल्या

नाकतोड्याच्या वृषणाचा अगदी पातळ छेद घ्यायचा, तो रंगवून काचेवर बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा, हे माझे काम होते. अमरावतीच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होतो. प्राध्यापकांनी वर्गात सांगावे आणि मी ते मुलांना टेबलावर दाखवावे, ही वाटणी माझ्या स्वभावाला मानवत असे. बोलण्याची जबाबदारी दुसऱ्यावर होती, हे मुख्य. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. लढाई चालू असल्याने काचा आणि रंगद्रव्ये मोजून मिळत, म्हणून चांगला साधलेला छेद मी कापडात गुंडाळून वर्षानुवर्षे जपत असे.

असाच एक छेद फार सुंदर साधला होता. त्यात गुणसूत्रे जोडीजोडीने उभी दिसत. एकच गुणसूत्र एकटे होते. पेशी दुभंगताना जोड्या फुटून प्रत्येकीतले एक इकडे आणि एक तिकडे जाई. हे एकटे मात्र कोणत्या तरी एकाच बाजूला जाई. म्हणून निम्म्या शुक्रपेशींना ते मिळे आणि निम्म्यांना मिळत नसे. नाकतोड्याची मादी व्हायची की नर, हे तेवढ्यावरच ठरे. माणसात ते अगदीच एकटे नसते, त्याला एक खुजा जोडीदार असतो, एवढाच फरक. स्त्रीच्या बीजात नेहमी थोरलेच गुणसूत्र असते. पुरुषाच्या निम्म्या शुक्राणूंत थोरले असते, निम्म्यांत खुजे. थोरल्याचा शुक्राणू बीजात शिरला तर मुलगी, खुज्याचा शिरला तर मुलगा. माणसाची गुणसूत्रे एकूण अठ्ठेचाळीस, असे तेव्हाच्या पुस्तकांत छापलेले होते. पुढे ती सेहेचाळीस ठरली. या एका जोडीविषयी जे सांगितले होते, ते मात्र तसेच राहिले. इतकी मोठी गोष्ट इतक्या साध्या रीतीने ठरावी, याचे मला त्या वेळी जे नवल वाटले ते अजून ओसरलेले नाही. राजापेठेतल्या माझ्या खोलीवर परत येताना कितीदा तरी मी तोच विचार करीत चालत असे.

आमचे घर वरूडकडचे, संत्र्याच्या बागा करणारे. आईवडील लवकर गेल्यामुळे थोरल्या बहिणीला माहेर म्हणून मीच उरलो होतो. तिला आम्ही अक्का म्हणत असू. ती अकोल्याला मोर्णेच्या काठी एका माळ्याच्या घरी दिली होती. त्यांचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता. त्या वर्षी भाऊबीजेला बडनेऱ्याला गाडी बदलून मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिला तीन मुली होत्या. धाकटी नुकती पावले टाकू लागली होती. ओवाळणी झाली आणि अक्का मला विहिरीकडे घेऊन गेली.

“हिवरखेडची पोरगी हाये,” ती घागर ठेवीत म्हणाली. “पुढच्या सोमवारी पाहाले जाऊन रायले.”

“कोनासाठी?”

“तुह्या भाऊजीसाठी. अजून कोनासाठी?”

“भाऊजी काय म्हन्तेत?”

“थे काय म्हन्तीन. त्याईची आई म्हन्ते तसं.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “तू मले मागं तुह्या त्या नाकतोड्याचं सांगतलं होतं. मान्सातबी तसंच असते म्हने.”

“असते.”

“मंग थे आईले सांग.”

“मावशीले? थे कसं सांगू मी?”

“मले सांगतलं तसं.”

“तू बहीन हायेस अक्का.”

“अन् थ्या माही सवत आनून रायल्या,” ती म्हणाली आणि घागर उचलून घरात गेली.

अक्काच्या सासूला मी मावशी म्हणत असे. नवरा गेल्यावर मळा तिने एकटीने राखला होता. सकाळी बाजारात बसे तेव्हा वांगी पालथी करून गिऱ्हाइकाला किडीचे भोक स्वतःच दाखवी, आणि मगच भाव सांगे. तोंडाची मात्र ती फटकळ होती. नातवासाठी एका वैदूने सांगितलेले सारे उपाय तिने अक्कावर केले होते: सोमवारचा उपास, कडू काढा आणि पहाटे उजव्या नाकपुडीत वडाच्या कोवळ्या कोंबांचा रस. रस गेला की अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाही. तिने त्याविषयी कधी तक्रार केली नाही.

दुपारी मावशी पडवीत हार ओवीत बसली होती. केळीच्या खोडाच्या सोपाचे दोरे भिजवून बाजूला ठेवलेले होते आणि पांढरी व पिवळी शेवंती एकाच टोपल्यात होती. मी समोर जाऊन बसलो. बराच वेळ नुसती सुकलेली फुले निवडत राहिलो.

“काय जी मास्तर,” ती मान वर न करता म्हणाली, “बहिनीनं धाडलं का?”

“हो.”

“मंग बोला. मी काय खाऊन टाकतो का तुमाले?”

जे शब्द पुस्तकात होते ते मला तिच्यापुढे उच्चारता येईनात, आणि जे शब्द लोक वापरत ते तर मुळीच येईनात. म्हणून मी एक रिकामी टोपली ओढली आणि तिच्यात नुसती पांढरी शेवंती भरली. दुसरीत पांढरी आणि पिवळी निम्मी निम्मी घातली.

“मावशी, ही पांढरी टोपली बाईची. ही मिसळीची मान्साची. लेकरू होते तवा दोन्हीतून एकेक फूल येते. दोन्ही पांढरे आले त पोरगी. एक पिवळं आलं त पोरगा.”

मावशीने ओवणे थांबवले. दोन्ही टोपल्या तिने नीट पाहिल्या, पांढरीत हात घालून तळापर्यंत चाळली.

“हिच्यात पिवळं एकबी नाई.”

“नाई. कोन्याच बाईच्यात नसते.”

“माह्याबी नव्हतं?”

“नव्हतं.”

तिने डोळे मिटले आणि मिसळीच्या टोपलीतून एक फूल काढले. पांढरे निघाले. ते परत टाकून पुन्हा काढले, पिवळे निघाले.

“थ्या टोपलीत हात कोन घालते?”

“कोनीच नाई. लाखो असतेत, बारीक, डोळ्याले न दिसनारे. सारे बीजाकडे धावतेत. एक आत गेलं की बीज दार लावून घेते. बाकीचे बाहीरच रायतेत.”

“लाखो,” ती म्हणाली. “अन् एक.” तिचा स्वर थोडा उतरला होता. मीही सूक्ष्मदर्शकावरून अशाच नवलाने मान वर केली होती, ते मला आठवले. मग ती पुन्हा व्यवहारावर आली. “तीन डाव पांढरं निंगालं. मंग आता पिवळं निंगालंच पायजे ना? टोपलीतलं पांढरं कमी झालं असन.”

“नाई मावशी. लाखोतून तीन गेले त काय कमी होते? अन् नवे बनतच असतेत. दर डावाले निम्मी आशा.”

हार पुरा करून तिने दोरा दातांनी तोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला भाऊजींच्या शिंकांनी जाग आली. भाऊजी मोट हाकणारे आडदांड, मऊ स्वभावाचे गृहस्थ. ते पडवीत उताणे पडले होते आणि मावशी त्यांच्या उजव्या नाकपुडीत रस पिळीत होती. शेजारी काढ्याची वाटी होती.

“आई, मले कडू लागते वो.”

“तिले गोड लागत होतं का?”

मी पुढे झालो. “मावशी, या औषधानं टोपली बदलत नाई.”

“तुमीच त सांगतलं टोपली याची हाये. मंग औषध रित्या जागी कायले घालू?”

“तसं नाई. हे कोनालेच लागू पडत नाई.”

“सुनेच्या नाकात घातलं थेबी वायाच गेलं?”

“थेबी.”

तिने हातातले कोंब दगडावर ठेवले आणि क्षणभर अक्का जिथे चूल पेटवीत होती तिकडे पाहिले. “मंग सुनेचं बंद,” ती म्हणाली. “पन याले सोमवारपर्यंत देतो. तिनं किती वर्सं घेतलं. यानं चार दिस घेऊन पाहावं.”

भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला हसू दाबणे कठीण झाले. अक्का तोंडाला पदर लावून आत गेली. पुस्तकातून मी मावशीला अर्धीच गोष्ट पोचवू शकलो होतो, हे उघड होते. पण त्या अर्ध्या गोष्टीचाही तिने इतका सरळ हिशेब केला की मला तिच्याविषयी आदरच वाटला. सुनेला जे चालते ते लेकालाही चालले पाहिजे, इथून तिने सुरुवात केली होती. आमच्या कॉलेजात हा विषय शिकून गेलेल्या किती पदवीधरांच्या घरी तशी सुरुवात झाली असेल, मला शंकाच आहे.

हिवरखेडला जाणे मात्र तिने रद्द केले नाही. अक्का ते पाहत होती. आदल्या संध्याकाळी मावशी मला म्हणाली, “मास्तर, तुमीबी चाला.”

“मी? मावशी, मी तिचा भाऊ.”

“म्हून त म्हन्तो. मले आठोनार नाई सारं.”

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने भाऊजींसह आम्ही तिघे गेलो. चढ आला की सारे उतरत आणि गाडी हळूहळू वर जाई. मुलीचे वडीलही भाजी करणारे होते. ओसरीवर सतरंजी घातली होती. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली, खाली मान घालून उभी राहिली आणि आत गेली. सतरा-अठराची असेल. हातांना मेथीचा हिरवा रंग लागलेला होता. सकाळी तिने जुड्या बांधल्या असाव्यात.

“पसंत हाये का पोरगी?” वडिलांनी विचारले.

“पोरगी पसंत हाये,” मावशी म्हणाली. “पन आधी माहा माल पाहून घ्या.”

भाऊजी चुळबुळले.

“माह्या सुनेले तीन पोरी. मी समजत होती तिची कूसच तशी. या मास्तरनं सांगतलं, थे कुशीवर नसते. माह्या लेकावर असते, अन् त्याच्याबी हाती नसते. तुमची पोरगी आनली त तिलेबी पोरीच होऊ शकतीन. मंग मी तिले बोलीन. माह्या तोंडाचं मले मालूम हाये.”

वडील माझ्याकडे वळले. “हे कोन?”

“माह्या सुनेचा भाऊ.”

“बहिनीची सवत पाहाले भाऊ आला?” ते हसले. “हे खरं हाये काय जी?”

“खरं हाये,” मी म्हणालो. लाजेमुळे मला जे सांगायला एक दुपार लागली होती, ते तिने सात वाक्यांत आणि योग्य क्रमाने सांगून टाकले होते.

दारामागून मुलीच्या आईचा आवाज आला. “आमाले पाच पोरी हायेत. म्हंजे थ्या पाचही माह्या कुशीच्या दोषानं नाई झाल्या?”

मुलीचे वडील सतरंजीच्या दशा पिळू लागले. भाऊजींनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे आपुलकीने पाहिले.

“कोनाच्या दोषाच्या नाई थ्या,” मावशी दाराकडे तोंड करून म्हणाली. “म्हून मी आली. शब्द देल्ला होता, न सांगता कसा मोडू? तुमीच आता पाहा.”

वडील आत गेले आणि बराच वेळ कुजबुज झाली. मग वडील बाहेर आले आणि म्हणाले की पोरगी लहान आहे, एवढ्यात द्यायची नाही. मावशीने मान हलवली. आम्हाला जेवल्याशिवाय त्यांनी सोडले नाही. निघताना मुलीच्या आईने मावशीला कुंकवाऐवजी बुक्क्याचे बोट लावले, विधवेला कुंकू लावीत नसत म्हणून. आणि पिशवीत मेथीच्या जुड्या घातल्या.

परतीच्या मोटारीत भाऊजी झोपले. मावशी जागी होती. मी तिला म्हणालो, “मावशी, तुमी घरूनच नाई म्हटलं असतं तरी चाललं असतं.”

“घरून नाई म्हटलं त थे म्हन्तीन पोरीत काई खोट हाये. मंग तिले कोन पाहीन?”

याचा विचार मी केलाच नव्हता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. माझ्याकडे किंवा भाऊजींकडे तिने पाहिले नाही. मावशी ओट्यावर बसली आणि पाय पुढे केले. अक्का पाणी ओतू लागली. ओतता ओतता तिने विचारले, “पोरगी कशी होती?”

“चांगली होती,” मावशी म्हणाली. “म्हून त नाई आनली.”

अक्काचा हात थबकला. काही वेळाने तिने सासूच्या दुसऱ्या पायावर पाणी ओतले, आणि तांब्या रिता झाल्यावरही ती तशीच वाकून राहिली.